हाडामागची गाठ

"आजार सापडलाय मॅडम. आता गाठ कुठं आहे ते सापडायचंय."

लातूरच्या त्या तरुण फिजिशियननं रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला तेव्हा मला आधी हसू आलं. कॅल्शियम जास्त. पीटीएच, म्हणजे पॅराथॉर्मोन, त्याहून जास्त. मी वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. पॅराथायरॉइड ग्रंथी मी इतक्या बॅचेसना शिकवल्यात की झोपेतही सांगेन. गळ्यात थायरॉइडच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी, काम रक्तातलं कॅल्शियम वाढवणं, चला पुढं. परीक्षेत यावर फार तर एखादा प्रश्न येतो. तो एक प्रश्न माझ्या अंगात कित्येक वर्षं राहत होता आणि मला पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण ही गल्लत सगळ्यांची होते. चारपैकी एखादी ग्रंथी वाढते, कुणाचं ऐकेनाशी होते आणि गरज नसताना हार्मोन सोडत राहते. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. हार्मोन हाडांतून कॅल्शियम खेचतं आणि रक्तात ओततं. हाडं पोकळ होतात, मूत्रपिंडात खडे होतात, मन मलूल होतं. हा आजार रक्तावरून ठरतो. स्कॅन आजार आहे की नाही हे सांगायला नसतो, तो फक्त जागा दाखवायला असतो, म्हणजे सर्जनला कुठं हात घालायचा ते कळतं. त्यामुळं स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तर "चला, सुटलो" असं समजू नका.

मला आधी काय काय होत होतं? दोनदा मुतखडा झाला. एसटीतून उतरताना तोल गेला, नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं. सारखी तहान. फळ्यासमोर उभी असताना रोजचा शब्द सापडेना. मुली खालून शब्द सुचवायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. आणि पायाखालची जमीन हलायची. खरोखर हलल्यासारखी. मी टेबल धरून उभी राहायची.

या सगळ्याचं उत्तर आमच्या भागात तयारच होतं. "भूकंपातली आहे ती." शेजारी म्हणायचे, सासरी म्हणायचे, एकदोन डॉक्टरांनीही पाठ केल्यासारखं तेच म्हटलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मीही तेच मानत होते. किल्लारीच्या भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी सहावीत होते. आई, बाबा आणि माझी मोठी बहीण आक्का, तिघंही गेले. मी ढिगाऱ्याखालून निघाले. असं माणूस थकलेलं असेल, रडत असेल, त्याला जमीन हलल्यासारखी वाटत असेल, तर रक्त कोण तपासतो?

त्या डॉक्टरांनी तपासलं. माझे जुने रिपोर्ट मागवून घेतले, एकेक पुढं ठेवला आणि कॅल्शियमच्या आकड्यावर बोट ठेवत गेले. प्रत्येक वेळी थोडं जास्त. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी नजरेतून सुटलेलं.

घरी आल्यावर मिलिंदला, माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो अहमदपूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, रोज लातूरहून ये-जा करतो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं ते भूकंपाचं नव्हतंच?"

मी ताटं घ्यायला उठले. कारण मी त्याला एक गोष्ट कधीच सांगितली नव्हती. मला आक्काचा आवाज येतो.

सांगते. ढिगाऱ्याखाली आम्ही दोघी शेजारी होतो. ती दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं. मी हातपाय हलवले की वरून माती यायची, नाकात, तोंडात. आक्का म्हणत होती, "हलू नको. हललीस की माती येती." बराच वेळ म्हणत होती. मग थांबली. मी हलले नाही. मला बाहेर काढलं तेव्हाही म्हणे मी अंग ताठ धरलं होतं.

तेव्हापासून तो आवाज येतो. दुपारी घर शांत असलं की, कधी वर्गात मुली पेपर सोडवत असल्या की. "हलू नको." मी त्याला भीत नव्हते. माझ्याजवळ आक्काचं दुसरं काही उरलं नव्हतं, फोटोसुद्धा नाही.

पहिली तपासणी लातूरलाच झाली. अल्ट्रासाउंड, म्हणजे सोनोग्राफी, गळ्याची. खांद्याखाली उशी, मान मागं, थंडगार जेल. यात किरणं नसतात, इंजेक्शन नसतं, म्हणून सुरुवात यापासून करतात. रेडिओलॉजिस्ट बाई मन लावून बघत होत्या. यंत्राचा प्रोब पुन्हा पुन्हा तिथंच फिरवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "थायरॉइड छान आहे. पॅराथायरॉइड वाढलेली दिसत नाही. पण लक्षात घ्या, हाडाच्या आणि हवेच्या मागचं मला दिसत नाही. गाठ तिकडं सरकलेली असू शकते."

आईच्या पोटात बाळ वाढताना या ग्रंथी वरून खाली सरकत येतात, आणि एखादी ठरलेल्या जागी न थांबता पुढं जाते, पार छातीत. हेही मी शिकवते. म्हणजे पुस्तकात असतं, मी वाचून पुढं जाते.

दुसरी तपासणी सेस्टामिबी स्कॅन. त्यासाठी नांदेडला जायचं ठरलं. नांदेडला माझे आप्पा राहतात. आप्पा म्हणजे माझे चुलते. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी ते शेतावरच्या पत्र्याच्या खोपीत झोपायला गेले म्हणून वाचले. पुढं भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून त्यांना नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात शिपायाची नोकरी लागली आणि ते मला घेऊन तिकडं गेले. त्यांनी आणि काकूनं मला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. आणि इतक्या वर्षांत त्या सकाळविषयी आप्पा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मीही विचारलं नाही. गावाकडच्या बातम्या निघाल्या की ते उठून रेडिओ लावायचे.

स्टँडवर ते न्यायला आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "लई वाळलीस गं माय."

सेस्टामिबीची कल्पना अशी. टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ एका औषधाला जोडून शिरेत देतात. तो थायरॉइडमध्येही जातो आणि वाढलेल्या पॅराथायरॉइडमध्येही. थोड्या वेळानं एकदा चित्रं घेतात, त्यात दोन्ही उजळतात. मग दीड-दोन तास थांबायचं. तेवढ्यात थायरॉइड तो पदार्थ सोडून देतं, पण बिघडलेली गाठ धरून ठेवते. दुसऱ्या चित्रात जे अजून उजळ राहतं ती गाठ. त्रास काहीच नाही, इंजेक्शन टोचतं तेवढंच. फक्त त्या दिवशी लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. आणि स्कॅन चालू असताना हलायचं नाही.

टेबल अरुंद होतं. हात अंगाशी पट्ट्यांनी बांधले. कॅमेऱ्याचं सपाट तोंड खाली येत येत हनुवटीच्या इतकं जवळ थांबलं की माझाच श्वास त्यावर आपटून परत येत होता. टेक्निशियन दारापाशी जाऊन म्हणाला, "आता अजिबात हलू नका."

मी ओरडले असं नंतर आप्पा म्हणाले. मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच की तोंडात मातीची चव होती आणि मी पट्टीतून हात ओढून काढत होते. कॅमेरा वर गेला, दिवे लागले. पहिली चित्रं पुसट आली, वाया गेली.

न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टर बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिली गेली तर जाऊ दे. महत्त्वाची दुसरी आहेत. ती मात्र हवीत, नाहीतर पुन्हा एखाद्या दिवशी इंजेक्शन. काहीतरी खाऊन घ्या, पाणी प्या. काय झालं मघाशी?"

"भूकंपातली आहे," मी म्हटलं. सवयीनं.

त्यांनी मान हलवली, पण आप्पांना ते पटलं नाही. इंजेक्शन घेतलेल्यांसाठी वेगळी खोली असते, तिथं त्यांना माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसवलं होतं. त्यांनी विचारलं, "भूकंपातला तर मीबी हाय. तू कशाला वरडलीस?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. अंधार, माती, आक्काचं "हलू नको". तिचा आवाज थांबला ते. नंतरही येत राहिला ते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि तेही दोन खुर्च्या सोडून, भिंतीवर किरणोत्साराची पिवळी खूण असलेल्या खोलीत. आप्पा माझ्याकडं न बघता ऐकत होते. गुडघ्यावरची टोपी उलटी-सुलटी करत होते. मला वाटलं, आता उठतील.

ते उठले, पण डॉक्टरांकडं गेले. "म्याडम, मी आत थांबलो तर चालंल का? माझं वय झालं, मला काय होतंय किरणांनी."

डॉक्टरांनी त्यांना खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्टूल दिलं. कॅमेरा पुन्हा खाली आला. मी डोळे मिटले. टेक्निशियननं या वेळी ते शब्द उच्चारले नाहीत, बहुतेक त्याला सांगितलं असावं. आणि आप्पा बोलायला लागले. काकूनं काल केलेल्या ठेच्याबद्दल. धर्माबादच्या मिरचीचा भाव कसा चढून राहिला आणि तरी काकूला तीच कशी लागते. शेजाऱ्याच्या म्हशीनं गेट कसं तोडलं. आप्पा मितभाषी माणूस, पण एकदाही थांबले नाहीत. कॅमेरा माझ्याभोवती फिरत होता. याला स्पेक्ट म्हणतात, सगळ्या बाजूंनी चित्रं घेऊन ते जागा किती खोल आहे तेही दाखवतं. माती आली. मी गिळली. म्हशीचं ऐकत राहिले.

चित्रात थायरॉइड विझलं होतं. गळ्यात काही नव्हतं. त्याच्या खाली, छातीच्या हाडामागं, एक फिकट ठिपका उरला होता.

"मला वाटतं हीच," डॉक्टर म्हणाल्या. "पण फिकट आहे. ऑपरेशनआधी दुसऱ्या पद्धतीनं खात्री करू. दोन तपासण्यांनी एकच जागा दाखवली की सर्जन निश्चिंत होतो."

तिसरी तपासणी म्हणजे फोर-डी सीटी. यातली चौथी मिती वेळेची. शिरेतून रंगद्रव्य सोडतात आणि काही क्षणांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा सीटी घेतात. बिघडलेली गाठ रंग चटकन घेते आणि चटकन सोडते. लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, किंवा थायरॉइड तसं करत नाहीत. यात किरणं जास्त लागतात, आणि रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून मूत्रपिंडाचं काम दाखवणारं माझं क्रिएटिनिन आधी तपासलं. तुम्हाला मुतखडे झालेले असतील, कशाची अॅलर्जी असेल, तर न विचारताच सांगा. अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं, घाबरू नका. सीटी लवकर संपते. आप्पा दाराबाहेर होते, पण मला काचेतून त्यांची टोपी दिसत होती.

ठिपका तिथंच होता. छातीच्या हाडामागं, तिथल्या थायमस ग्रंथीच्या टोकात रुतलेला, शेंगदाण्याएवढा. गळ्यात शोधला असता तर कधी सापडला नसता.

इथं तुम्ही म्हणाल, झालं की मग. पण माझं झालं नव्हतं. हैदराबादहून नांदेडला येणाऱ्या सर्जननी ऑपरेशनचा दिवस सुचवला, आणि मी "कळवते" म्हणून लातूरला परतले. क्लासची परीक्षा आहे म्हटलं. मग मुलींची उजळणी आहे म्हटलं. मिलिंद आधी समजावत होता, मग चिडला.

खरं कारण मी फिजिशियनना एकटी जाऊन विचारलं. "कॅल्शियम जास्त असलं की माणसाला नसलेलं ऐकू येतं का?"

"येऊ शकतं. क्वचित."

"मग गाठ काढली की ते जाईल?"

त्यांनी फाइल मिटली. "तुमच्यात गाठीचं किती आणि तुमचं स्वतःचं किती, हे मला आज सांगता येणार नाही. काढल्यावरच कळेल. पण हाडं वाट बघणार नाहीत."

बाहेर आले तर रस्ताभर क्लास सुटलेली पोरं होती, सायकली, पाठीवर दप्तरं. मी टपरीजवळ उभी राहिले आणि जमीन हलली. टपरीवाल्याचे ग्लास जागचे हलले नव्हते. मला इतका थकवा आला की तिथंच रिकाम्या क्रेटवर बसले. आक्काला सोडायचं नव्हतं, आणि असं जगणंही आता होत नव्हतं. संध्याकाळी मिलिंदला आवाजाचं सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?" आणि नांदेडला फोन लावला.

ऑपरेशन गळ्यातूनच झालं. छाती उघडावी लागली नाही, कारण जागा आधीच ठाऊक होती. सर्जननी खालून थायमसचं टोक वर ओढलं आणि गाठीसकट काढलं. टेबलावर असतानाच पीटीएच तपासायला रक्त पाठवलं होतं. गाठ निघाली की हे हार्मोन काही मिनिटांतच निम्म्याखाली येतं, यायला हवं. माझं आलं. शुद्धीवर आल्यावर सर्जन म्हणाले, "स्कॅननं सांगितलं तिथंच होती. मला शोधावंच लागलं नाही."

दुसऱ्या दिवशी ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या. भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम परत ओढून घेतात, त्यानं हे होतं. गोळ्या देतात, त्या चुकवायच्या नाहीत आणि मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं.

पलंगावरून पहिल्यांदा पाय खाली टेकवला तेव्हा फरशी नुसती फरशी होती. गार, घट्ट. मी उभी राहिले आणि वाट बघितली. काही हललं नाही. काकू म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही झालं." आणि ते बोलतानाच मला रडू आलं.

पुढच्या महिन्यांत शब्द परत आले. फळ्यासमोर थांबणं गेलं. तहान गेली. आणि आक्काचा आवाजही गेला.

घर शांत असलं की मी कान लावून बसायची. नळ, पंखा, शेजारचा टीव्ही. ती नाही. सगळे म्हणत होते, किती छान दिसायला लागलीस. मला वाटायचं, मी तिला दुसऱ्यांदा तिथं ठेवून आले. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती कधी नव्हतीच की काय. नुसतं कॅल्शियम होतं, आणि मी त्याला आक्का म्हणत होते. ढिगाऱ्याखालीसुद्धा ती बोलली होती की मीच नंतर तयार केलं, हेही मला सांगता येईना. दिवस चांगले जात होते आणि मी आतून रिकामी होत चालले होते.

सहा महिने कॅल्शियम नॉर्मल राहिलं की आजार बरा झाला असं धरतात. ती तपासणी नांदेडला झाली. नॉर्मल आली. कधी कधी हा आजार घराण्यात असतो म्हणून डॉक्टरांनी रक्ताच्या नात्यातल्यांचंही एकदा बघून घ्या म्हटलं होतं, तेव्हा आप्पांचंही रक्त दिलं होतं. त्यांचंही नॉर्मल.

दुपारी घरी आलो. काकू आत भाकरी थापत होती. आप्पा आणि मी पडवीत बसलो होतो. मी म्हटलं, "आप्पा, आक्काचा आवाज गेला. गाठीचाच होता बहुतेक. सगळं त्या गाठीचंच होतं."

आप्पांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

"माझं रक्त कसं आलं म्हनली?"

"नॉर्मल."

"मग मला कसा येतो?"

मी त्यांच्याकडं वळले.

"त्या सकाळी आमी चौघं-पाच जन वर होतो. कुठं खनावं कळंना. समदा ढीग सारखाच. खालून ती वरडली. 'छोटी हितं हाय, हिकडून या.' त्या आवाजावर आमी खनलो. तू निघालीस. तिच्या अंगावर भित होती. तिला काढाय दुपार झाली." त्यांनी टोपी पुन्हा हातात घेतली. "तुला ती हलू नको म्हनत होती, ते मला न्हाई म्हाईत. मला एवढंच ऐकू आलं. छोटी हितं हाय. आजून येतं. हापिसात यायचं, बाजारात येतं."

आत तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज झाला. मग मी विचारलं, "आवाज आला की तुम्ही काय करता?"

"काय करायचं," आप्पा म्हणाले. "'हाव, आलो,' म्हनतो."